फेट्यावर टोपी बसत नाही

— नाही नाही, खुर्ची नको, हेमक्का, मी आपला चटईवर बसतो, घरच्या माणसाला खुर्ची कशाला? मानसिंग, ती मोसंब्यांची पिशवी आत दे आणि तू बस तिथं उंबऱ्यावर, मला स्वल्प बोलायचंय अक्कांशी. — ह्याला ओळखता ना? तुमच्या परसूच्या हाताखालचा गवंडी, आता परसूच्या जागी मेस्त्री केलाय मी त्याला, काम थांबतं का कुणासाठी? — कसा आहे परसू? झोपलाय? डोळे उघडे आहेत की हो! परसू, ओळखलंस का? नरसिंगराव आलाय, तुझा कंत्राटदार — म्हणजे, तुझा अण्णा. राहू दे, बोलू नकोस, जीभ अडखळते म्हणे अजून. आणि उजवा हात? उचलत नाही? उचलेल की. देवानं दुसरा दिलाय तो कशाला?

तर मी ऐकलं ते खरं का, अक्का? तुम्ही येलहंक्याहून बस पकडून वकिलाकडे गेला होता म्हणे, माझ्यावर केस घालायला. — मान हलवता ती पण किती ठसक्यात! काय सांगितलं त्यानं? थांबा, मीच सांगतो, ह्या लोकांची पोथी मला पाठ आहे. पहिला अध्याय, लेबर कमिशनर — कामावर असताना कामगाराला इजा झाली की भरपाई मालकाची, चूक कुणाची ते कुणी विचारायचंच नाही. वा! दुसरा अध्याय — कंत्राटदारानं हात वर केले तर ज्यांची इमारत त्या कंपनीला धरा. धरा की, इलेक्ट्रॉनिक सिटीत त्यांच्या गेटवरचा गुरखा तुम्हाला आत सोडतो का बघा आधी! तिसरा, सिव्हिल कोर्ट — तिथं निकाल लागेपर्यंत तुमची लेक रूपश्री आजी होईल. आणि चौथा, पोलीस. जा खुशाल, तक्रार तुमची लिहितील आणि चहा मला पाजतील. — हसू येत नाही तुम्हाला? मला येतं बाई.

बरं, समजा गेलात कमिशनरकडे. तो पहिलं विचारणार, परसू माणूस कुणाचा? काय सांगाल — माझा? कशावरनं? त्याची हजेरी मंजुनाथच्या नावावर लागते, म्हणजे तो मंजुनाथचा माणूस. आणि मंजुनाथ कोण? — मंजुनाथ माझा ड्रायव्हर, ते जाऊ द्या, तो तुमचा विषय नाही. सांगायचं काय, की घरच्या माणसानं घरच्यावर केस घालू नये, लोक शेण घालतील तोंडात. — काय म्हणालात? घरचा की मंजुनाथचा? अहो, प्रेमानं घरचा, कायद्यानं मंजुनाथचा! दोन्ही एका वेळी असता येतं माणसाला, शिकलेली असतात तर कळलं असतं.

आणि ते सगळं ठेवा बाजूला, खरी मेख ऐका. तुमच्या त्या कायद्यातच लिहिलंय, की जिवाच्या रक्षणासाठी दिलेली वस्तू कामगारानं जाणूनबुजून काढून टाकली आणि त्यामुळं लागलं, तर मालक सुटला! हां, माणूस गेला किंवा पार निकामी झाला तर गोष्ट वेगळी — पण परसू तर देवाच्या दयेनं टकामका बघतोय की माझ्याकडे. कंपनीनं सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या होत्या, चांगल्या कडक. स्लॅब ओतताना हा खाली टेकू तपासत फिरत होता, त्यातली एक बल्ली निसटली आणि बसली डोक्यात — आणि टोपी कुठं होती? सळईला लटकत होती! सगळ्या साइटनं बघितलं. हे सांगितलंत वकिलाला? नाही ना? — काय? रोज घालायचा? घरी आणून रूपश्रीच्या डोक्यावर ठेवून हसायचा? असेल हो, पण त्या दिवशी नव्हती. का नव्हती ते विचारा त्याला, सांगतोय का बघा.

रडू नका. मी काही भांडायला नाही आलो, माझं काळीज असं नाही. महादेवपुऱ्याच्या साइटवर वॉचमन करतो परसूला, एका हाताचं काम, बसून राहायचं नि कुत्री हाकलायची. केसचं खूळ तेवढं डोक्यातनं काढा. सरी? कबूल? — सरी म्हणा की! — बरं, विचार करा. आणि जाता जाता तो फेटा द्या.

फेटा हो, केशरी, जरीच्या काठाचा. परसूचा कसा? परसूच्या डोक्यावरचा, पण माझा! शुक्रवारी महादेवपुऱ्यात स्लॅब आहे. आमच्या आजोबांपासूनची रीत आहे अक्का, स्लॅबच्या सकाळी कंत्राटदारानं आपल्या हातानं मेस्त्रीला फेटा बांधायचा, नारळ फोडायचा, आणि काँक्रीटची शेवटची पाटी पडेपर्यंत फेटा उतरवायचा नाही. उतरला तर स्लॅबला तडा. ह्या बेंगळूरात ही रीत पाळणारा मी एकटा उरलोय, बाकीचे सगळे नुसती उदबत्ती ओवाळतात. — धुतलात, पण डाग नाही गेला? असू दे, केशरी रंगात लाल खपून जातं.

तुम्हाला नाही कळायची त्यातली इज्जत. परसूला तरी कुठं कळली? त्या सकाळी मी बांधायला लागलो तर मला म्हणतो, "अण्णा, टोपीवरच बांधा की." टोपीवर फेटा! ती इमारत आहे का वरात? मी असा आवाज टाकला — काढ ते पिवळं भांडं, म्हटलं, फेट्यावर टोपी बसत नाही आणि टोपीवर फेटा शोभत नाही, आज तू नरसिंगरावाचा मेस्त्री आहेस! कंपनीचा इंजिनियर मध्ये काहीतरी पुटपुटला, त्याला म्हटलं, साहेब, हा आमचा धर्म आहे. परसू तरी चाचरतच होता, मग मीच ती टोपी उचलली डोक्यावरनं आणि दिली लटकावून सळईला —

— काय झालं? अशा काय बघता?

नाही, तसं नव्हे. म्हणजे मी काढली असं नाही — त्याच्याच मनात होतं, मी आपला हात लावला. आणि तुम्ही ऐकलंत म्हणून काय झालं? तुम्ही त्याची बायको, तुमचं कोण धरणार खरं? साक्षीदार लागतो, बाई, साक्षीदार! आणि साइटवरचा एकेक जण माझं मीठ खातो. विचारा ह्याला, फेट्याचं टोक धरून हाच उभा होता. मानसिंग, सांग अक्कांना, मी काढली का टोपी? — सांग की, नाही काढली म्हणून. — जमिनीत काय बघतोस? तोंड उघड. — काय? मोठ्यानं बोल. —

— काढली म्हणतोस? बरं. बरं. राहू दे तुमचा फेटा, तसलाच नवा घेईन. दार कशाला दाखवता, दिसतंय मला दार. निघतोच आहे. ऊठ रे मानसिंग, चल. — ऊठ म्हणतो ना! शुक्रवारी कुणाच्या डोक्यावर फेटा बांधायचाय, विसरलास का? — स्वतःचं डोकं काय चाचपतोस? उठत का नाहीस? — मानसिंग?

— मानसिंग…