पाच टाळ्यांचा शब्द

हसू नका गं, पण मला इंग्रजीच्या शिक्षिकेची नोकरी एका फ्रिजमुळे मिळाली. नाही मिळाली तर कुंडलच्या स्थळाला होकार द्यायचा, असं आईनं बजावलं होतं. त्यामुळे सांगलीच्या एका शाळेत डेमोच्या तासाला देवाचं नाव घेऊनच उभी राहिले.

शिकवायचं होतं शब्दांचे सिलॅबल पाडणं. एका तुकड्याला एक टाळी. 'वॉ-टर' झालं, 'ब-फ-लो' झालं. मागच्या खुर्चीत संस्थेचे चेअरमन माझं मूल्यमापन करत गाढ झोपले होते. मग आम्ही 'रे-फ्रि-ज-रे-टर' घेतलं. अख्ख्या वर्गानं पाच टाळ्या अशा कडाडून वाजवल्या की मीच दचकले. चेअरमन मात्र सवयीनं उठले आणि हात जोडून म्हणाले, "आवं, बसा बसा! येवढं कशाला?"

आता त्यांना खरं सांगायची कुणाची हिंमत? मुख्याध्यापकांनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि शिपायाला पिटाळलं. त्या शाळेत डस्टर सापडत नाही, शाल-नारळ मात्र कायम तयार असतो. शाल मीच घातली. त्यावर चेअरमननी इंग्रजीच्या महत्त्वावर मराठीत भाषण केलं, आणि शिकवायचा माझा उरलेला वेळ त्यातच संपला.

जाताना ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "पोरगी लय हुशार हाय. हिलाच घ्या."

मी घाबरत विचारलं, "सर, इंग्रजी कोणत्या वर्गाला?"

"इंग्रजीचं बघू निवांत," चेअरमन म्हणाले. "आदी सत्कार समिती सांभाळा."