सपाट माळावरची वरची आळी

"पुढच्यांना गालिचा, अन् आम्हाला फाटकी सतरंजी!" — आत्ता मागून कुजबुज आली. ऐकली हो, बाई! टाळांच्या गजरातही माझे कान उघडे असतात. मग आज हाच प्रश्न घेऊ — माणूस वरचा होतो कधी? अन् दुसऱ्याला खालचा करतं कोण?

कुठं जन्मावरून ठरतं, कुठं पैशावरून. परदेशात म्हणे, तोंड उघडलं की बोलण्यावरूनच माणसाची पायरी कळते! आपण बरे — आपण समोरच्याला तोंडच उघडू देत नाही!

मंडळी, ऐका. आंबेदरा गाव धरणात बुडालं. सरकारनं माळावर वसाहत बांधली. घरं सारखी, पत्रे सारखे, दारांचा रंगसुद्धा एकच — शेणकट हिरवा! पाहुणा चुकून शेजारीच जेवून जायचा. रामराज्य की हो! फक्त पाण्याची टाकी एका टोकाला. पहिल्या आळीत नळ धो धो. शेवटच्या आळीत करंगळीएवढी धार — तीही पहिलीच्या म्हशी धुऊन झाल्यावर!

झालं! पहिली आळी 'वरची' झाली. माळ सपाट बरं का — तरी वरची! त्यांची लुगडी झकपक, शेवटच्यांची मळकी. मग वरच्या म्हणू लागल्या, "खालच्यांना मेलं टापटिपीचं वळणच नाही!" पाणी संपवायचं यांनी, अन् नावं ठेवायची त्यांच्या वळणाला! अन् मधली आळी? वर बघून हसायची, खाली बघून नाक मुरडायची — मान दुखेपर्यंत!

शेवटच्या आळीत राहायची सोजरबाई. तिची शेवंता अन् वरच्या आळीतल्या तानूबाईचा विलास — दोघांचं जमलं. जात एक, जुन्या गावात भिंतीला भिंत. सोजर अन् तानू एकाच जात्यावर दळायच्या. शेवंतानं तर सांगूनच टाकलं, "आई, दुसऱ्या कुणासमोर मी दाखवून घ्यायला बसायची नाही!" निघाली सोजर विचारायला, जीव मुठीत धरून.

तानूनं खुर्ची दिली. खुर्ची, मंडळी! सोजर काठावरच टेकली — मैत्रिणीला कुणी खुर्ची देतं?

"तानू, पदर पसरते. पोरांची मनं एकमेकांवर बसलीत."

"बसलीत गं... पण पत्रिका?"

"गुरुजींनी जुळवली."

"शेवंता जरा सावळी—"

"अन् तुझा विलास काय चांदण्यात धुतलाय?"

"उंची..." म्हणता म्हणता तानूनं जीभ चावली. विलासच शेवंताच्या जेमतेम कानापर्यंत पोचायचा!

आता आपल्यासारखी शहाणी माणसं काय म्हणतात? 'बघू, घरात विचारून सांगते' — अन् जन्मभर विचारत बसतात! तानूही तेच म्हणणार होती. पण सोजर खुर्चीवरून उतरली, तिच्याजवळ जमिनीवर टेकली.

"तानू, खरं सांग. अडतंय कुठं?"

तानूनं आधी दार लोटलं. मग खाली बघत म्हणाली,

"सोजर, तुझी लेक माझ्या घरात नांदायला लागली... तर आम्ही वरचे कशावरून गं?"

हसू नका, मंडळी. ती निदान बोलली!