शेवंतीचा नाच

माहा आजा गांधीबागेत टांगा हाके, बापही टांगाच हाके, मंग ऑटो आले अन् टांगे बसले, तवा बापानं टांगा इकून लग्नाची घोडी ठेवली, अन् तेच काम माह्याकडे आलं. जनावराचं मले सगळं समजते असा रुबाब होता माहा, बाप्पा, काय सांगू तुम्हाले, लाज वाटते आता.

शेवंती माही पांढरी घोडी. बँड वाजला का समोरचा पाय जमिनीवर मारे, तोच तिचा नाच, मीच शिकवला, गूळ दाखवू दाखवू. एका साली ऐन लग्नसराईत तिच्या लीदीत जंत दिसले. जनावराच्या डॉक्टरीनबाईनं दवा देल्ली, म्हणे आजच पाजा, जंत वाढले तं आतडं अटकते, पोटात कळा येतात, घोडं ओकूबी शकत नाही, मरते. मी हाव म्हटलं. पण दवा पाजली का दोन दिस पोट ढिलं होते, अन् पांढरी घोडी, जरीची झूल, मागून पातळ लीद गळून राहिली तं नवरदेवाचा बाप काय म्हणन? लग्नसराई होऊन जाऊ दे म्हटलं. बायको रोज म्हणे, अवो, काहून नाही पाजत? मी म्हणो, चूप बस वं, घोडी माही का तुही?

जरीपटका मोहल्ल्यातली वरात होती, सकाळची. शेवंतीनं चाऱ्याले तोंड लावलं नव्हतं. नवरदेव बसला, बँड सुरू झाला, अन् ते पाय मारू लागली, जोरजोरानं. लोकं खूश, टाळ्या, शिट्ट्या. लगाम माह्या हातात होता, मले दिसलं, ते मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहून राहिली, आंगाले घाम. नाच नोहे हा, पोट दुखून राहिलं तिचं, मले समजलं, तवाच समजलं. अन् मी काय केलं? मांडव दोन गल्ल्या राहिला होता. चल शेवंती, चल बाई म्हटलं, गूळ दाखवला. गुळाकडे तिनं पाहिलंबी नाही, पण चालली, माह्यासाठी चालली.

नवरदेव उतरला अन् ते तिथंच लोळली. डॉक्टरीनबाई आली, नळी घातली, सुया देल्ल्या, म्हणे, दवा पाजली होती ना? मी शेवंतीच्या आंगावरची झूल सोडू लागलो. बाईनं दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं. सांजेले शेवंती गेली.

मोहल्ल्यातले म्हणत, नजर लागली गा तुह्या घोडीले. मी हाव म्हणो. बायकोनं ते दवाची भरलेली बाटली फळीवरून काढली, माह्या हातात ठेवली. नजर लागली, हेच सांगत आलो सगळ्याईले, खरं तुम्हालेच पहिल्यांदा सांगून राहिलो.

आता दुसरी घोडी आहे. लीद तपासून आणतो, दवा वेळेवर पाजतो, झूल लीदीनं भरली तं मीच धुतो. वरातीत लोकं म्हणतात, काय गा, तुही घोडी नाचत नाही? नाही भाऊ, म्हणतो, शिकवलंच नाही तिले. तुमच्या घरचं लग्न निघालं तं बोलवा, नवरदेवाले सुखरूप नेतो, लेकराईचं भलं होवो. फक्त नाच मागू नका.