सतरा नंबरची जर्सी

क्लेम : डाग दिसायला नको, वर्ना. ती बाही दुमडून आत घे आणि मग पताकेवर शिव.

वर्ना : बाही दुमडली तर जर्सी वाकडी बसेल.

क्लेम : थोडी वाकडी चालेल. शनिवारी ब्रोशू कॅलगरीहून येतोय, नातवंडांना घेऊन. आजोबांच्या जर्सीवर रक्ताचा डाग बघून ती पोरं काय म्हणतील?

वर्ना : विचारतील, आजोबा, हे कुणाचं रक्त? मग ब्रोशूला सांगावं लागेल की बाळांनो, माझं नाही.

क्लेम : सकाळी सकाळी सुरू करू नकोस.

वर्ना : मी कुठे सुरू केलं? मी रिंकच्या कँटीनमध्ये माझं शिवणयंत्र मांडून गप बसले होते. तू आलास, कॉफी ओतून घेतलीस, दोन टार्ट खाल्लेस आणि मला शिवण शिकवायला लागलास.

क्लेम : टार्ट तूच पुढे केलेस.

वर्ना : एक पुढे केला होता.

क्लेम : हे बघ. समितीनं ठरवलंय. सतरा नंबर आता कायमचा वर जाणार, भिंतीवर, बाकीच्या सहांच्या शेजारी. यापुढे आपल्या आइस हॉकी संघात तो नंबर कुणी घालणार नाही. पताकेवर जर्सी, जर्सीखाली नाव, ड्वेन ब्रोशू. त्यात वाद कसला?

वर्ना : समिती म्हणजे तू, मी आणि लॉर्न. मी तेव्हा आत बटाटे तळत होते आणि लॉर्न झोपला होता.

क्लेम : त्यानं हात वर केला.

वर्ना : तो झोपेत हात वर करतो. त्याच्या बायकोला विचार.

क्लेम : बरं, मग आता बोल. तुझं म्हणणं काय ते एकदा सांगून टाक.

वर्ना : ही जर्सी ब्रोशूची नाही.

क्लेम : म्हणजे? सतरा नंबर आहे. कपाटातून मी स्वतः काढली.

वर्ना : सतरा नंबरची आपल्याकडे एकच जर्सी होती, क्लेम. कधीच दुसरी घेतली नाही. गडी गेला की त्याची जर्सी पुढच्या गड्याला. ब्रोशूनं चार हिवाळे घातली. मग जानेवारीत मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं, तो गेला, आणि त्याच आठवड्यात ती वॉलीला मिळाली. त्यानं किती घातली?

क्लेम : नऊ.

वर्ना : नऊ हिवाळे. वॉली हनासिकनं.

क्लेम : ते मला माहीत आहे. पण सतरा म्हटलं की गावाला कोण आठवतं?

वर्ना : गावाचं सोड. जर्सी उलटी करून बघ. अशी, आतली बाजू बाहेर.

क्लेम : मला शिवणीतलं काय कळणार? मी इतिहास शिकवायचो.

वर्ना : मग इतिहास वाच. ही निळ्या दोऱ्याची रफू माझी. पांढरा दोरा माझ्या आधीच्या बाईचा. ब्रोशूच्या वेळी तीच शिवायची. पांढरा दोरा कुठे दिसतो?

क्लेम : इथे. गळ्यापाशी.

वर्ना : एक जागा. आता निळा शोध. बरगडीवर बघ. या कोपरावर. त्या कोपरावर. खांद्यावर तर मी ठिगळावर ठिगळ लावलंय. पाठीत इथे काठी घुसली होती, ते भोक बघ. ब्रोशूच्या अंगाला कुणाचा हात लागत नव्हता रे. तो पुढे असायचा, आणि मागे कुणीतरी त्याच्यासाठी मार खात असायचं. तो गेल्यावर वॉली सगळ्यांसाठी खायला लागला.

क्लेम : म्हणजे ज्याचं कापड जास्त फाटलं तो मोठा खेळाडू?

वर्ना : तू गोल मोजतोस ना? मी रफू मोजते. तुझी वही तुझ्याकडे, माझी ही.

क्लेम : माझी वही ऐकच मग. ब्रोशू, चार हिवाळे, एकशे त्रेसष्ट गोल. वॉली, नऊ हिवाळे, चौदा गोल. त्यातला एक, चकती त्याच्या पाठीवर आपटून जाळ्यात गेली म्हणून. त्याला स्वतःला कळलंही नव्हतं.

वर्ना : गोल तो गोल.

क्लेम : वॉली चांगला माणूस आहे, माझा विद्यार्थी आहे. पण तो भरतीचा गडी होता, वर्ना. असे गडी दर संघात चार असतात. एक गेला की दुसरा येतो.

वर्ना : दुसरा आला का? वॉली थांबल्यावर आपण चार वर्षं शेवटून दुसरे होतो. तुझ्याच वहीत असेल.

क्लेम : त्याला बरीच कारणं होती.

वर्ना : एक मी सांगते. आपला एक गडी शिक्षा म्हणून बाहेर बसला की आपण चार आणि समोरचे पाच. अशा वेळी बर्फावर पहिला कोण उतरायचा? त्यांनी काठी उगारली की चकतीच्या वाटेत आडवं कोण पडायचं? माझा नवरा स्टीव गोलमध्ये उभा असायचा. म्हणायचा, वॉली समोर असला की मला निम्मंच जाळं राखावं लागतं. असं आडवं पडलेलं मोजायला तुझ्या वहीत रकाना आहे?

क्लेम : नाही. कुणाच्याच वहीत नव्हता त्या काळी.

वर्ना : म्हणून ते झालंच नाही, असं आहे का?

क्लेम : आता माझं ऐक. ब्रोशूचा पहिला हिवाळा आठवतो तुला? त्याच वर्षी रेल्वेनं आपले रूळ उखडून नेले. धान्याचं कोठार बंद झालं. शाळेतून एका वर्षात एकोणीस मुलं गेली. मी वर्गात उभा राहायचो आणि रिकामे बाक दिसायचे. उणे पस्तीसमध्ये, साठ-साठ मैलांवरून, लोक शनिवारी या रिंकवर का यायचे? वॉलीला आडवं पडताना बघायला? ते ब्रोशूसाठी यायचे. दोन तास हे गाव मरतंय असं वाटायचं नाही. हे त्यानं दिलं. ते कुठल्या वहीत लिहू?

वर्ना : ते खरं आहे. मीही यायचे. पोर कडेवर घेऊन.

क्लेम : मग झालं तर.

वर्ना : झालं नाही. करंडक कोणत्या साली आला?

क्लेम : शहाऐंशी.

वर्ना : तेव्हा ब्रोशू कुठे होता?

क्लेम : तो गेला म्हणून त्याला दोष देऊ नकोस. पोटासाठी गेला.

वर्ना : दोष देत नाही. कुठे होता एवढंच विचारते.

क्लेम : इथे नव्हता.

वर्ना : शेवटची दोन मिनिटं राहिली होती. आपण एका गोलनं पुढे, आपला एक गडी बाहेर. वॉलीनं पहिला फटका बरगडीवर घेतला. दुसरा घोट्यावर. तिसरा तोंडावर. दोन दात बर्फावर पडले. त्यानं या बाहीनं तोंड पुसलं आणि परत उभा राहिला. मी ही बाही थंड पाण्यात मीठ घालून तीन दिवस भिजवली, तरी डाग गेला नाही. आणि तू म्हणतोस ती दुमड. तू त्या दिवशी इथे नव्हतास का?

क्लेम : होतो. वेळ राखायच्या टेबलावर.

वर्ना : मग बघितलं असशील.

क्लेम : मी घड्याळाकडे बघत होतो.

वर्ना : दोन्ही मिनिटं?

क्लेम : माझं कामच ते होतं, वर्ना. दात पडले हे मला नंतर कळलं.

वर्ना : अडतीस वर्षं तू या सामन्याची गोष्ट मुलांना सांगतोस.

क्लेम : सांगतो. घड्याळाची सांगतो.

वर्ना : बरं. आता आणखी एक सांग. ही पताका वर लावणार कोण?

क्लेम : कोण म्हणजे, नेहमीचाच… वॉली. रिंकचं सगळं तोच बघतो.

वर्ना : हं.

क्लेम : हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वर्ना : ज्या जर्सीत त्यानं दात पाडून घेतले, तीच त्यानं शिडीवर चढून, दुसऱ्याच्या नावानं, स्वतःच्या हातानं टांगायची. आणि तो टांगेल. एक शब्द बोलणार नाही. म्हणूनच तुला ते सुचलं नाही.

क्लेम : पत्रकं छापून झालीत. ब्रोशूला कळवलंय. आता मी काय करू?

वर्ना : ते तू बघ. ही कात्री मी इथे खाली ठेवली. तुला एकट्या ब्रोशूचं नाव हवं असेल तर शहरातून प्लास्टिकची पताका छापून आण. ही जर्सी मी घरी नेते.

क्लेम : ती क्लबाची मालमत्ता आहे.

वर्ना : कापड क्लबाचं आहे. दोरा माझा आहे. दोरा काढून घेतला तर तुझ्या हातात फक्त भोकं उरतील. घेऊन जा.

क्लेम : पंचेचाळीस वर्षांत तू एकदाही नाही म्हणाली नाहीस.

वर्ना : आज म्हणते.

(वॉली आत येतो. बूट आपटून त्यांवरचा बर्फ झाडतो.)

वॉली : सर, शिडी लावलीय. खिळा कुठे मारू? शेवटच्या पताकेपासून दोन हात सोडले तर बरं दिसेल.

वर्ना : बस, वॉली. कॉफी घे.

वॉली : बर्फ सपाट करायला वर पाणी सोडायचंय. साडेदहाला लहान मुलं येतील.

वर्ना : मुलं थांबतील. बस.

वॉली : ही जर्सी उलटी का ठेवलीय?

क्लेम : वॉली, बरं झालं आलास. वर्नाचं म्हणणं पडलं की पताकेवर तुझंही नाव असावं. मी तिला सांगत होतो, तुला असल्या गोष्टींची हौस कधीच नव्हती. तू काही नावासाठी खेळणारा नव्हेस. खरं की नाही?

वर्ना : असं नको विचारूस. उत्तर त्याच्या तोंडात घालून मग प्रश्न विचारतोस. शाळेत असंच करायचास का?

वॉली : करायचे.

क्लेम : बरं. बरं. साधं विचारतो. वॉली, तुला तुझं नाव वर हवं आहे का?

वॉली : खिळा मारून ठेवू का आधी? हात गरम आहेत तोवर…

वर्ना : वॉली.

वॉली : हो.

क्लेम : हो म्हणजे खिळा?

वॉली : हो म्हणजे हवंय, सर. नाव.

क्लेम : हवंय?

वॉली : एकोणतीस वर्षं मी रोज त्या भिंतीखालून बर्फाचं यंत्र फिरवतो. रोज चार वेळा. यंत्र हळू चालतं. वर बघायला वेळ असतो. सहा जण आहेत तिथे. सगळे चांगले. मी सहाही जणांबरोबर खेळलोय, त्यांच्यासाठी आडवा पडलोय. हवंय मला.

क्लेम : तू कधी बोलला नाहीस.

वॉली : बोलायचं काम माझं नव्हतं. संघात ज्याचं जे काम असतं, ते त्यानं करायचं. माझं दुसरं होतं.

वर्ना : ऐकलंस, क्लेम?

वॉली : पण ब्रोशूचं काढू नका. ते मी ऐकणार नाही. तो खेळायचा तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, बाकावर शेवटी बसायचो. तो वळायचा ना, डावीकडून, तेव्हा मी माझी पाळी विसरायचो. प्रशिक्षक मला ढकलून बर्फावर पाठवायचा. ती जर्सी अंगात घातली तेव्हा मला वाटलं, ही आपल्याला मोठी होते.

वर्ना : होतही होती. मी खांद्यात घेतली.

वॉली : मापाचं नाही म्हणत मी.

वर्ना : कळलं मला.

क्लेम : पण मी ब्रोशूला काय सांगू? एकट्याचा मान म्हणून बोलावलंय त्याला. इतक्या लांबून येणार तो.

वॉली : त्याला मी सांगतो. फोन नंबर आहे माझ्याकडे.

क्लेम : तुझ्याकडे?

वॉली : दर नाताळात फोन करतो तो.

वर्ना : हे तू कधी सांगितलं नाहीस. काय बोलता?

वॉली : फार काही नाही. बर्फ कसाय विचारतो. मी सांगतो, कडक आहे. मग तो म्हणतो, दात कसे आहेत. मी म्हणतो, दुसरे बसवले. मग फोन ठेवतो.

क्लेम : आणि तो नाही म्हणाला तर?

वॉली : तर शनिवारी तो शिडी चढेल, सर. मी चढणार नाही.

वर्ना : हे त्याला असंच सांग.

वॉली : असंच सांगणार आहे.

क्लेम : पत्रकं परत छापता येणार नाहीत. दुकानात, पोस्टात, चर्चच्या दारावर, सगळीकडे लागलीत.

वर्ना : पत्रकं रविवारी फाडतात. पताका राहते.

क्लेम : लॉर्नला विचारायला हवं.

वर्ना : लॉर्न हात वर करेल.

वॉली : सर, तुम्हाला अडचण होत असेल तर माझं लहान अक्षरांत चालेल. खाली, कोपऱ्यात. बघणाऱ्यानं बघावं. पण असू द्या. एवढं मी मागतो.

क्लेम : वर्ना, नावाच्या अक्षरांचं पिवळं कापड उरलंय का?

वर्ना : आहे थोडं. का?

क्लेम : दोन्ही नावं एकाच मापाची काप.