अणुभट्टीचं गाऱ्हाणं

सुबोध : थांबा काका, फोन असा आडवा धरा. आता ऐका. हा तुमचा आवाज, आणि मागून हा सगळा हॉल.

सहदेव : ‘व्हय म्हाराजा’ काय जोरात म्हटल्यानी रे. पत्रे उडतले वाटलां.

मालन : तुमचा आवाज अजून खणखणीत आहे हो. रविवारी मी मागे चहाच्या पातेल्यापाशी होते, तिथपर्यंत येत होता.

सुबोध : काकी, तो दिल्लीपर्यंत गेला.

सहदेव : दिल्लीक? माझां गाऱ्हाणां? कित्याक?

सुबोध : कंपनीच्या अणुभट्टीच्या अहवालाला जोडलंय. गावकऱ्यांची संमती म्हणून.

मालन : कसली संमती? त्या मीटिंगमध्ये एक माणूस हो म्हणाला नाही. मंडळातल्या सुशांतनं तर खुर्ची उचलली होती.

सुबोध : ते नंतर. मी कॅमेरा गाऱ्हाण्यापुरताच लावलेला.

सहदेव : अरे, तां मीटिंग सुरू होवच्या आधीचां. आमच्या मंडळात पूजा असो नायतर भांडण, पयलां देवाक हात जोडून गाऱ्हाणां. रीत आसा ती.

सुबोध : हो, पण तुम्ही मागितलंत काय? ‘आमच्या गावच्या वेळसड्यावर अणुविजेचां जां काय काम होवचां आसा, तां निर्विघ्न पार पडांदे म्हाराजा.’ आणि चारकोपच्या त्या हॉलात मुंबईतला अख्खा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा.

सहदेव : ती ओळ तूच सांगलंस. मी ‘आजची मीटिंग’ म्हणतलंय होतंय. तू म्हटलंस, काका, देवाला मीटिंग काय कळणार, विषय सांगा.

सुबोध : विषय सांगितलात म्हणून तर काम झालं.

मालन : सुब्या, तू नक्की करतोस काय रे? मी बिल्डिंगमध्ये सांगते, आमचा पुतण्या वांद्र्याला विजेच्या ऑफिसात आहे. मला वाटायचं, मीटर बघत असशील.

सुबोध : सरकार नव्या अणुभट्ट्यांच्या संशोधनाला पाठबळ देतंय ना काकी. कुणी इंधनावर संशोधन करतं, कुणी काँक्रीटवर. आमची कंपनी माणसांवर करते. भट्टीचं ड्रॉइंग अजून चालू आहे, माणसांचं पूर्ण झालं.

मालन : आणि सापडलं काय?

सुबोध : कागद पुढे केला की आपला माणूस आधी चष्मा मागतो, मग वकील. पण गाऱ्हाणं सुरू झालं की हात जोडतो आणि होकार देतो. शब्द ऐकतसुद्धा नाही. साहेब एकदम खूश. ‘पारंपरिक संमती’ असं नाव दिलंय. आता बाकीच्या राज्यांतही बघणार, तिकडची माणसं कशाला आपोआप हो म्हणतात ते.

सहदेव : सुबोध, मी वीज नको म्हणणारो नाय. ह्यो पंखो फिरता, तो माका व्हयो. भट्टी बांधा, पण विचारून बांधा. माझां घर थंय सड्यावर आसा. दिवाळी झाली की आमी दोघां कायमची जातलंव. कौलां परतून घेतलंय. न्हाणीयेक नवी लादी घातलंय, हिचो पाय सरकता म्हणान.

सुबोध : घर पडणार नाही हो. मी स्वतः शब्द टाकलाय. तिथे माहिती केंद्र होणार. शाळेच्या सहली येतील. पडवीत तुमचा मोठा फोटो, खाली बटण. दाबलं की तुमचं गाऱ्हाणं.

सहदेव : आणि आमी?

सुबोध : तुम्हाला पास मिळेल. सोमवार सोडून कधीही या.

मालन : ऐकताय ना? मी घाटकोपरची, मला मेलं गावाचं काय पडलं नव्हतं. याचे आईबाप गेले तेव्हा त्याच घरातून याला कडेवर उचलून आणला. ताप आला की हे उशाशी बसून गाऱ्हाणं घालायचे, आणि हा ग्लानीतसुद्धा ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा.

सुबोध : त्यावरूनच तर मला सुचलं, काकी.

सहदेव : उद्या मंडळात उभो रवतंय. सांगतंय सगळ्यांका, तां गाऱ्हाणां मी मागे घेतलंय.

सुबोध : घेता येतं?

मालन : बोला की.

सहदेव : नाय. देवाच्या कानार घातलेलां परत काढूक येणा नाय.

सुबोध : हेच मी साहेबांना समजावलं. सही केलेला माणूस उद्या सही मागे घेतो, कोर्टात जातो. गाऱ्हाणं कुणी मागे घेत नाही. म्हणून तर सह्यांच्या भानगडीत पडलोच नाही.

मालन : सकाळी सुशांतचा फोन येऊन गेला. म्हणाला, तुमच्या म्हाताऱ्यानं गाव विकला. मी म्हटलं, राँग नंबर.

सहदेव : माका सांगलंस नाय.

मालन : काय सांगू? जेवत होतात.

सुबोध : आठवडाभर बोलतील, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळेल. बरं काका, मी ज्यासाठी आलो ते राहिलंच. अपूर्वाला सातवा लागला. सोनोग्राफी वगैरे झकास आहे. पण ती म्हणते, काकांचं गाऱ्हाणं हवंच. शेवटी आपला विश्वास आहे ना.

मालन : याच तोंडानं मागतोयस?

सहदेव : मालन, माझी टोपी दी. पोटातल्या पोराचो काय दोष?

(सहदेव टोपी घालून देव्हाऱ्यापुढे उभा राहतो. मागे मालन आणि सुबोध उभे. सुबोधचे हात आपोआप जोडले गेलेले, फोन बगलेत.)

सहदेव : बा देवा म्हाराजा...

मालन, सुबोध : व्हय म्हाराजा.

सहदेव : ह्या सुबोधाच्या घराक येवचां बाळ सुखरूप येवंदे, त्येची आवस सुखरूप सुटांदे म्हाराजा.

मालन, सुबोध : व्हय म्हाराजा.

सहदेव : त्येका विद्या दी, बुद्धी दी, मोठ्या ऑफिसात बसव म्हाराजा.

मालन, सुबोध : व्हय म्हाराजा.

सहदेव : आणि हो सुबोध म्हातारो झालो, की ह्यान जसां आमका सांभाळल्यान, तसांच त्या पोरान ह्येका सांभाळांदे म्हाराजा.

सुबोध : व्हय म्हाराजा.

मालन : काय म्हणालास ते ऐकलंस का रे?

सुबोध : काका, ते शेवटचं... ते मी सवयीनं म्हटलं. अपूर्वाला यातलं काही सांगू नका. तेवढं एक मागे घ्या ना.

सहदेव : सही असती तर घेतलंय असतंय, बाबा.