जपानातलं छप्पर, आष्टीतला पत्रा

संतोष आठवतो ना, आपला आष्टीचा? जपानात उत्तरेकडच्या एका खेड्यात म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेलाय. परवा मी माझ्या मोबाइलवरून त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावून दिला. गडी फावडं घेऊन एका छपरावर, गुडघाभर बर्फात उभा.

"कोणाचं घर रे?" मावशींनी विचारलं.

"एका आजीचं, माय. बर्फाच्या वजनानं छप्पर खचंल म्हणून साफ करून राह्यलो."

"तिला लेकरू न्हाई?"

"हाय की. शहरात गेलंय नोकरीला."

मी भारावून म्हणालो, "बघा मावशी, सगळे असे वागले तर देश कुठल्या कुठं जाईल."

"बराबर हाय," मावशी म्हणाल्या. "मंग संतोष, त्या आजीच्या पोराला सांग, माझा पत्रा पावसाळाभर गळला. त्याला इकडं पाठव."