साध्या पाण्याच्या टाकीतील मासे मेल्याबाबत

जबाब देणार : कामाच्या ठिकाणी सगळे 'मासेबाई' म्हणतात, खरे नाव हजेरीपटाप्रमाणे. वय ४६ वर्षे. व्यवसाय : नोकरी, रसायन तपासणी प्रयोगशाळेत मासे विभागाची प्रमुख. राहणार : प्रयोगशाळेमागील कर्मचारी वसाहत, तळमजला.

मी आज ठाण्यात आपण होऊन हजर झाले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. आमच्या संचालकांच्या तक्रारीवरून आमचे पहारेकरी काका यांना सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले आहे असे कळले, म्हणून आले. माझे म्हणणे खालीलप्रमाणे आहे.

आमच्याकडे कारखान्याची रसायने गोड्या पाण्यातल्या माशांना किती घातक आहेत हे तपासतात. सध्याचे रसायन एक स्टेरॉइड आहे. सुजेवरच्या मलमात ते घालतात आणि कारखाना धुतला की ते पाण्याबरोबर नदीत जाते. एकेका टाकीत ते कमी-जास्त प्रमाणात घालून चार दिवस मासे ठेवायचे आणि किती मरतात ते पाहायचे, असे काम असते. एका टाकीत मात्र नुसते साधे पाणी असते. तिथल्या माशांना कोणी काही करत नाही, म्हणून आम्ही तिला जावयाची टाकी म्हणतो. त्या टाकीतले मासे मेले तर सगळी चाचणी बाद होते.

सोमवारी सकाळी मी कुलूप उघडले तेव्हा जावयाच्या टाकीतले सगळे मासे मेले होते. रसायनाच्या टाक्यांतले बहुतेक जिवंत होते, सुस्त पण जिवंत. जिथे काहीच घातलेले नाही तिथले मेले, हे पाहून संचालकांचे डोके फिरले. रविवारी किल्ली फक्त काकांकडे होती आणि कॅमेऱ्यात त्यांचा हात त्या टाकीवर दिसतो. काकांना कोणीतरी फितवले आणि त्यांनी पाण्यात विष घातले, असे संचालकांनी लिहून दिले. मला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर आज आपल्या सर्वांचा दिवस वाया गेला नसता, हेही कृपया लिहावे.

मी ते पाणी तपासले आहे. त्यात विष नाही. त्यात पाव आहे. पाणी दुधाळ झाले होते, आंबूस वास येत होता आणि तळाशी पावाचा लगदा बसला होता. या चाचणीत आम्ही टाकीला हवेचा पंप लावत नाही. पाव कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. मोजलेले आकडे सोबत जोडले आहेत. म्हणूनच चाचणी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून माशांना खायला देत नाहीत आणि तशी पाटी दारावर लावली आहे. ती पाटी मीच लिहिली आहे.

काका आमच्याकडे माझ्या आधीपासून आहेत. डबा ते माशांच्या खोलीतच खातात, कारण तिथे गार असते, असे ते म्हणतात. कामावर कोणी उशिरा आले की 'या, महाराज' म्हणून दार उघडतात, संचालकांनासुद्धा. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी विचारले, की मग हा माणूस सकाळपासून तोंडात गुळणी धरून का बसला आहे. तर नियम मोडला म्हणून नोकरी जाईल, या धास्तीने. आत येण्यापूर्वी मी त्यांच्याजवळ बाकावर बसले, तेव्हा ते माझ्याशी बोलले. ते बोलले तसेच सांगते.

"बाई, उपाशी होते हो ते. मी काचेशी गेलो की सगळे धावत यायचे, तोंडं उघडून. बाकीच्या टाक्यांतले हलतसुद्धा नव्हते, त्यांना काय देणार? ज्यांना भूक होती त्यांना दिलं. सबंध पाव कुस्करून घातला. चार दिवस झाले की तुम्ही उरलेल्यांना पण मारताच ना?"

ते खरे आहे. चाचणी संपली की जगलेले मासेही नियमाप्रमाणे मारावे लागतात. ते काम माझ्याकडे आहे.

काकांच्या पत्नीचे दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन होते. आदल्या रात्रीपासून तिला काही खायला द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती पहाटे बिस्किट मागत होती. काकांनी नियम पाळला, दिले नाही. ती ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही.

कोणत्या टाकीत औषध आहे आणि कोणत्या नाही, हे काकांना माहीत नसते. बाकावर शेवटी त्यांनी मला विचारले, "तुमच्या औषधानंच गेले ना ते? पण निदान पोटभर खाऊन गेले." मी हो म्हटले.

साहेबांनी विचारले, की मासे मारायचेच होते, तर गुन्हा नेमका कोणाचा झाला. नुकसान झाले ते एवढेच, की चाचणी पुन्हा करावी लागेल आणि नवे मासे आणावे लागतील. ती चाचणी मी करीन. संचालकांना मी इथूनच फोन केला. पाण्याचे आकडे ऐकल्यावर ते तक्रार मागे घ्यायला येतो म्हणाले. काकांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांनी कोणाचे वाईट चिंतलेले नाही, हे मी शपथेवर सांगते. ते मला घरच्या माणसासारखे आहेत.

मासे पावाने गेले हे काकांना अजून माहीत नाही. मीच त्यांना सांगेन, पण आज नाही. आज त्यांना घरी जाऊन जेवू द्यावे. सकाळपासून ते उपाशी आहेत.

हा जबाब मला वाचून दाखवण्यापूर्वी मी हवालदारसाहेबांना सांगितले, की काका दाराबाहेरच बसले आहेत, आवाज जरा हळू ठेवावा. त्यांनी उठून दार लावून घेतले आणि मगच वाचायला घेतले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, काही कमी नाही की जास्त नाही. म्हणून खाली सही केली.